पोकरमध्ये कमकुवत पाने खेळावीत का? शक्यता, किंमत आणि शहाणपण

पोकर खेळणाऱ्यांमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येते: 'कोणतीही दोन पाने जिंकू शकतात.' हे वाक्य खोटे नाही. अगदी टाकाऊ पानेही एक्क्यांच्या जोडीला साधारण आठ-नऊ डावांत एकदा हरवतात. पण 'जिंकू शकतात' आणि 'खेळणे परवडते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखा खेळाडू पहिली गोष्ट पाहतो, अनुभवी खेळाडू दुसरी. टेबलावरचे बरेचसे पैसे याच फरकामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

सुरुवातीची पाने कमकुवत आहेत म्हणजे नेमके काय, त्यांची जिंकण्याची शक्यता किती, ती खेळण्याची खरी किंमत किती आणि कोणत्या परिस्थितीत ती खेळणे शहाणपणाचे ठरते, हे या लेखात पाहू. उदाहरणे टेक्सास होल्डेम या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारातली आहेत.

खेळ थोडक्यात

प्रत्येक खेळाडूला दोन पाने मिळतात. ती फक्त त्यालाच दिसतात. त्यानंतर टेबलावर सर्वांसाठी सामाईक पाच पाने उघडली जातात: आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सातांपैकी सर्वोत्तम पाच पाने ज्याची, त्याला जमलेली सगळी रक्कम, म्हणजे पॉट, मिळते. पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात. पहिली दोन पाने पाहून, मग फ्लॉप, टर्न आणि रिव्हरनंतर एकेक.

तीन पत्ती खेळलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे 'ब्लाइंड' म्हणजे पाने न पाहता खेळणे. इथे ब्लाइंड म्हणजे सक्तीची रक्कम. पाने वाटणाऱ्याच्या, म्हणजे डीलरच्या, डावीकडचे दोन खेळाडू पाने पाहण्याआधीच ती लावतात. पहिल्याची लहान असते (स्मॉल ब्लाइंड), दुसऱ्याची साधारण दुप्पट (बिग ब्लाइंड). बाकीच्यांना तीन पर्याय असतात: पाने टाकणे (फोल्ड, तीन पत्तीतले 'पॅक'), तेवढीच रक्कम लावणे (कॉल) किंवा ती वाढवणे (रेझ). प्रत्येक डावानंतर डीलरची जागा एका घराने पुढे सरकते.

चांगली पाने किती वेळा येतात?

५२ पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे मिळू शकतात. चिन्हांचा फरक बाजूला ठेवला, तर त्यांचे १६९ वेगळे प्रकार होतात: १३ जोड्या, एकाच चिन्हाच्या (सूटेड) ७८ आणि वेगवेगळ्या चिन्हांच्या ७८.

- एक्क्यांची जोडी: सरासरी २२१ डावांत एकदा
- कोणतीही जोडी: १७ डावांत एकदा
- निदान एक तरी एक्का: सुमारे १५ टक्के डावांत
- दोन्ही पाने एकाच चिन्हाची: सुमारे २३.५ टक्के डावांत

म्हणजे बहुतेक वेळा हातात काहीच खास नसते. नऊ जणांच्या टेबलावर तासभर बसलेल्या माणसाला सलग वीस-पंचवीस डाव टाकून द्यावे लागणे अगदी स्वाभाविक आहे. नवख्या खेळाडूला इथेच अडचण होते. नुसते बसून राहण्याचा कंटाळा येतो आणि मग गुलाम-चौकी किंवा राणी-तिर्री 'बरी' वाटू लागते.

सर्वात वाईट पाने कोणती?

वेगवेगळ्या चिन्हांची सत्ती आणि दुर्री ही पोकरमधली सर्वात वाईट पाने मानली जातात. दोन्ही पाने लहान. मधले अंतर इतके, की दोन्ही धरून पाच पानांचा क्रम (स्ट्रेट) होत नाही. चिन्हही वेगळे, त्यामुळे दोन्ही पाने वापरून फ्लशही होत नाही. ही पाने साधारण ११० डावांत एकदा येतात. मित्रमंडळींच्या काही खेळांत तर गंमत म्हणून असा नियम असतो, की सत्ती-दुर्रीवर पॉट जिंकणाऱ्याला बाकी प्रत्येकाने वेगळे बक्षीस द्यायचे.

मात्र फक्त दोनच खेळाडू असतील आणि दुसऱ्याची पाने कोणतीही असू शकतील, तर याहून वाईट पाने आहेत: वेगळ्या चिन्हांची तिर्री-दुर्री. तिचा वाटा सुमारे ३२ टक्के, तर सत्ती-दुर्रीचा सुमारे ३५ टक्के. कारण साधे आहे. कोणाचेच काही जमले नाही, तर मोठे पान जिंकते आणि तिर्रीपेक्षा सत्ती मोठी. टेबलावर खेळाडू वाढले, की नुसत्या मोठ्या पानावर डाव क्वचितच जिंकता येतो आणि सत्ती-दुर्री तळाला जाते. पानांची किंमत पानांइतकीच समोर किती जण आहेत यावरही ठरते, हे यातून दिसते.

समोरासमोर आकडे काय सांगतात?

दोन खेळाडूंनी सर्व पैसे लावले आणि पाचही पाने उघडली, तर वाटा साधारण असा पडतो:

- एक्क्यांची जोडी विरुद्ध सत्ती-दुर्री: ८८–१२
- एक्क्यांची जोडी विरुद्ध एकाच चिन्हाची सत्ती-छक्की: ७७–२३
- एक्का-राजा विरुद्ध सत्ती-दुर्री: ६७–३३
- एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी: ७४–२६
- एक्का-राजा विरुद्ध दुर्रीची जोडी: ४७–५३

तिसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवून पाहा. एक्का-राजासमोर बदनाम सत्ती-दुर्रीचा वाटा ३३ टक्के आहे आणि देखण्या एक्का-राणीचा फक्त २६. सत्ती-दुर्रीची दोन्ही पाने निदान 'जिवंत' असतात. सत्ती किंवा दुर्री आली, की तिची जोडी होते. एक्का-राणीचे तसे नाही. एक्का आला, तर तो दोघांनाही लागतो आणि शेजारचे पान (किकर) लहान म्हणून राणीवाला हरतो. या स्थितीला 'डॉमिनेट' होणे म्हणतात. कमकुवत पानांच्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

कमकुवत पानांचे तीन प्रकार

पहिला प्रकार: उघड टाकाऊ. सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री, नव्वी-चौकी अशी पाने. यांचा धोका कमी, कारण ती पाहताच टाकावीशी वाटतात.

दुसरा प्रकार: फसवी पाने. एक्का-चौकी, राजा-छक्की, राणी-पंजी. एक मोठे चित्र आणि शेजारी लहान पान. ही पाने टाकायला हात धजत नाही आणि नुकसान इथेच होते. नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे एक एक्का असेल, तर बाकी आठांपैकी कोणाकडे तरी आणखी एक्का असण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्के आहे. आता फ्लॉपवर एक्का उघडला. तुम्ही पैसे लावले. ज्याच्याकडे काहीच नाही तो पाने टाकतो. जो थांबतो, त्याच्याकडे बहुधा एक्का असतो आणि शेजारी तुमच्यापेक्षा मोठे पान. म्हणजे जिंकलात तर थोडे आणि हरलात तर भरपूर.

तिसरा प्रकार: आशेची पाने. दुर्री ते छक्कीपर्यंतच्या लहान जोड्या आणि एकाच चिन्हाची लागोपाठची पाने, जसे सत्ती-छक्की किंवा नव्वी-अठ्ठी. आज ती कमकुवत असतात, पण जमली तर इतकी मजबूत आणि इतकी लपलेली, की समोरच्याकडून मोठी रक्कम मिळते. लहान जोडी घेऊन फ्लॉप पाहिला, तर तीन सारखी पाने (सेट) होण्याची शक्यता ११.८ टक्के आहे, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. उरलेल्या साडेसात वेळा लावलेले १०० रुपये गेले असे धरले, तर जमल्यावर सरासरी ७५० रुपये मिळाले तरच हिशोब फिटतो. सेट झाला तरी प्रत्येक वेळी समोरचा पैसे देत नाही आणि कधी सेटही हरतो. म्हणून दोघांकडेही कॉलच्या रकमेच्या दहा-पंधरा पट पैसे शिल्लक असतील तरच अशी जोडी खेळावी, असा अनुभवी खेळाडूंचा ठोकताळा आहे.

'सूटेड आहे ना!'

दोन्ही पाने बदामाची किंवा दोन्ही किलवरची दिसली, की ती खेळण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात फ्लॉपवरच फ्लश होण्याची शक्यता ०.८४ टक्के आहे, म्हणजे ११९ वेळांत एकदा. पाचही पाने उघडेपर्यंत दोन्ही पाने धरून फ्लश होण्याची शक्यता सुमारे साडेसहा टक्के. एकूण वाट्यात एकाच चिन्हामुळे साधारण दोन ते चार टक्क्यांची भर पडते. सत्ती-दुर्री एकाच चिन्हाची असली, तर तिचा कोणत्याही पानांविरुद्धचा वाटा ३५ वरून ३८ वर जातो. ही भर खरी आहे, पण टाकाऊ पाने त्यामुळे खेळण्याजोगी होत नाहीत. एकाच चिन्हाचा फायदा मुळात बऱ्या पानांना होतो.

टाकण्याची किंमत आणि खेळण्याची किंमत

'पाने टाकत राहिलो, तर ब्लाइंड भरूनच पैसे संपतील,' असे अनेकांना वाटते. हिशोब करून पाहू. नऊ खेळाडू आहेत, ब्लाइंड ५० आणि १०० रुपये. नऊ डावांच्या एका फेरीत तुम्हाला दोन्ही ब्लाइंड एकेकदा भरावे लागतात, म्हणजे १५० रुपये. प्रत्येक डाव टाकला, तरी दर डावाचा सरासरी खर्च सुमारे १७ रुपये. एकदा कमकुवत पानांवर सहज म्हणून लावलेले १०० रुपये म्हणजे सहा डाव टाकण्याची किंमत. टाकणे फुकट नाही, पण ते फार स्वस्त आहे. रमीत वाईट पाने आल्यावर पहिल्याच फेरीत ड्रॉप घेणारा जो हिशोब करतो, तोच इथे लागू पडतो.

आता खेळण्याची किंमत. तुम्ही बिग ब्लाइंडवर आहात, १०० रुपये आधीच लावले आहेत. एकाने रक्कम २५० केली, बाकीच्यांनी पाने टाकली. पॉटमध्ये आता २५०, तुमचे १०० आणि स्मॉल ब्लाइंडचे ५०, असे ४०० आहेत. तुम्हाला आणखी १५० द्यायचे आहेत. १५० देऊन एकूण ५५० च्या पॉटसाठी खेळायचे, म्हणजे तुमचा वाटा निदान २७ टक्के हवा. या हिशोबाला 'पॉट ऑड्स' म्हणतात. सत्ती-दुर्रीचा वाटा तर ३५ टक्के आहे, मग कॉल बरोबर नाही का?

नाही, आणि त्याची तीन कारणे आहेत.

एक, ३५ टक्के हा आकडा 'कोणत्याही' पानांविरुद्धचा आहे. रक्कम वाढवणाऱ्याकडे कोणतीही पाने नसतात, त्याने निवडून खेळलेली असतात. त्यांच्यासमोर तुमचा वाटा बराच कमी असतो.

दोन, हा वाटा पाचही पाने पाहायला मिळतील असे धरून काढलेला आहे. प्रत्यक्षात फ्लॉपनंतर समोरचा पुन्हा पैसे लावतो. हातात जोडी नसेल, तर फ्लॉपवर त्या दोनपैकी एकही पान न लागण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. दोन जोड्या किंवा त्याहून चांगले काही हातातल्या पानांना लागण्याची शक्यता फक्त साडेतीन टक्के. बहुतेक वेळा तुम्हाला मध्येच पाने टाकावी लागतात आणि कागदावरचा वाटा पदरात पडत नाही.

तीन, जोडी लागली तरी ती सत्तीची किंवा दुर्रीची. टेबलावर तिच्याहून मोठी पाने जवळजवळ नेहमीच असतात. ती धरून पुढे जावे की थांबावे, हे प्रत्येक फेरीत पैसे देऊन ठरवावे लागते.

कसिनोत खेळत असाल, तर चौथे कारणही आहे. कसिनो बहुतेक वेळा प्रत्येक पॉटमधून ठरावीक भाग कापून घेतो, त्याला 'रेक' म्हणतात. बरोबरीत सुटणारा खेळ त्यामुळे तोट्यात जातो.

मग कमकुवत पाने कधी खेळावीत?

काही प्रसंगी ती खेळणे केवळ क्षम्य नाही, तर योग्य असते.

*शेवटी बोलण्याची जागा असेल तेव्हा.* डीलरच्या जागेवरचा खेळाडू फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सर्वांच्या नंतर निर्णय घेतो. इतरांनी काय केले हे त्याला आधी कळते. ही जागा किती मोलाची आहे, याचा ठोस पुरावा २०१५ साली मिळाला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 'सेफियस' या संगणक प्रणालीद्वारे मर्यादित रकमेचा दोघांचा होल्डेम व्यवहारतः पूर्ण सोडवला. दोघेही निर्दोष खेळले, तरी दीर्घकाळात डीलरच फायद्यात राहतो, असे त्यात दिसले. म्हणून सर्वांनी पाने टाकली असतील आणि तुम्ही डीलरच्या जागेवर असाल, तर मध्यम पानांवरही रक्कम वाढवणे योग्य ठरते. तीच पाने पहिल्या जागेवरून खेळणे चूक ठरते.

*खेळाडू कमी असतील तेव्हा.* नऊ जणांत राणी-सत्ती टाकून द्यावी. दोघांच्याच खेळात मात्र ती सरासरीच्या किंचित वरची पाने आहेत, तिचा वाटा जवळजवळ ५२ टक्के.

*स्पर्धेत पैसे संपत आले असतील तेव्हा.* तुम्ही स्मॉल ब्लाइंडवर आहात. ५० लावले आहेत, हातात ५५० उरले आहेत. बाकी सर्वांनी पाने टाकली, समोर फक्त बिग ब्लाइंड आहे. पॉट १५०. तुम्ही सर्व ५५० लावले. समोरच्याने पाने टाकली, तर १५० तुमचे. त्याने कॉल केला, तर पॉट १,२०० चा होईल. त्यात तुमचा वाटा एक तृतीयांश धरला, तर सरासरी ४०० परत येतील, म्हणजे १५० चा तोटा. समोरचा १०० पैकी ६० वेळा पाने टाकत असेल, तर दर वेळी सरासरी ३० चा फायदा. तो ४० वेळाच टाकत असेल, तर ३० चा तोटा. पाने तीच, वाटा तोच. फरक पडतो तो फक्त समोरचा किती वेळा घाबरतो याचा.

या तिन्ही प्रसंगांत एक समान धागा आहे. कमकुवत पाने स्वतःच्या जोरावर पैसे मिळवत नाहीत. जागा, कमी प्रतिस्पर्धी किंवा समोरचा पाने टाकण्याची शक्यता, यांपैकी काहीतरी सोबतीला लागते. यातले काहीच नसेल, तर पाने टाकावीत.

दश्शी-दुर्रीची गोष्ट

कमकुवत पानांचे समर्थन करताना अमेरिकी खेळाडू डॉयल ब्रन्सन (१९३३–२०२३) यांचे नाव हमखास येते. लास वेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्यांनी १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षे जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हाती दश्शी-दुर्री होती. दोन्ही वेळा फ्लॉपवर प्रतिस्पर्ध्याकडे दोन जोड्या होत्या आणि ब्रन्सन यांच्याकडे फक्त दश्शीची जोडी. दोन्ही वेळा टर्नला दुर्री आली, रिव्हरला दश्शी आली आणि त्यांचे फुल हाउस झाले. दश्शी-दुर्रीला आजही पोकरच्या जगात त्यांच्या नावाने ओळखतात.

या गोष्टीवरून दश्शी-दुर्री खेळावी असा धडा घेणे चूक आहे. एक तर ते दोन्ही डाव अंतिम फेरीतले, दोघांचेच होते. तिथे टाकत बसणे परवडत नाही. दुसरे म्हणजे, हे दोन डाव जिंकले म्हणून लक्षात राहिले. जगभर रोज दश्शी-दुर्रीवर हरणाऱ्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. आपल्या स्वतःच्या टेबलावरही हेच घडते. सत्ती-दुर्रीवर जिंकलेला एक डाव वर्षभर सांगितला जातो, त्याआधी हळूहळू गेलेले शंभर-शंभर रुपये विसरले जातात.

काही नेहमीच्या चुका

- 'आधीच १०० भरले आहेत, ते वाया कसे घालवू?' ब्लाइंड भरला, की ते पैसे पॉटचे झाले. प्रश्न फक्त पुढच्या रकमेचा असतो.
- 'खूप वेळ चांगली पाने आली नाहीत, आता येतील.' पाने दर वेळी नव्याने पिसली जातात. मागच्या डावांशी त्यांचा संबंध नसतो.
- 'टाकलेली पाने जिंकली असती!' कधीकधी जिंकली असती. निर्णयाची परीक्षा एका डावाच्या निकालाने होत नाही. तोच निर्णय शंभरदा घेतला तर काय होईल, हे पाहावे लागते.
- हरल्याच्या रागात पाने न निवडता खेळणे. अशा वेळी उठून चहा घेऊन येणे, हा सर्वांत स्वस्त उपाय.

भारतातला कायदा

पैसे लावून ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा भेद त्यात केलेला नाही, त्यामुळे ऑनलाइन पोकरही त्यात येतो. गोव्यात परवानाधारक कसिनो चालतात. महाराष्ट्रात कसिनोंसाठी १९७६ साली कायदा झाला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला.

या लेखातले गणित पडताळायला मात्र पैशांची गरज नाही. पत्त्यांचा एक जोड घ्या. एकाला एक्का-राजा, दुसऱ्याला सत्ती-दुर्री द्या, उरलेली पाने पिसून पाच पाने उघडा आणि निकाल लिहून ठेवा. असे शंभर डाव करा. सत्ती-दुर्री तीसेक डाव जिंकेल. मग पुन्हा शंभर डाव मांडा, पण या वेळी चिंचोके लावून, आणि फ्लॉपवर काही लागले नाही तर सत्ती-दुर्रीवाल्याने पाने टाकायची असा नियम ठेवा. चिंचोके कोणाकडे जमतात, ते मोजा.